लाल बाजारची मंडळी व तिचा संस्थापक

आपल्या शहरांत नव्या संस्था निघण्यास वेळ लागत नाहीं. एखाद्या सायंकाळीं चार सुशिक्षित गृहस्थ जमतात, अध्यक्ष व चिटणीस नेमले जातात, नियम छापले जातात, आणि पहिल्या वार्षिक सभेस हारतुरेही होतात. दुसऱ्या वर्षाचा अहवाल मात्र पुष्कळदां निघतच नाहीं. कारण विचारलें असतां कोणी पैशाची अडचण सांगतो, कोणी लोकांच्या अनास्थेस दोष देतो, तर कोणी काळावर खापर फोडतो. आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. ज्या वस्तींत संस्था काढावयाची त्या वस्तींतील नाना जातींचीं माणसें एका पंक्तीस बसविण्याचें अवघड काम आपण मागें ठेवतों, आणि इमारत, नांव व पदाधिकारी यांच्या पाठीमागें आधीं लागतों.

या विधानाच्या पुष्ट्यर्थ आज आम्ही वाचकांपुढें एका परकीय व परधर्मीय पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों. सन १८०९ च्या पहिल्याच दिवशीं कलकत्त्याच्या लाल बाजार भागांत बाप्टिस्ट पंथाचें एक प्रार्थनामंदिर उघडलें. तें उभारणाऱ्यांत विल्यम केरी हे प्रमुख होते. त्यांचा धर्म आमच्या बहुतेक वाचकांचा नव्हे, आणि तो कोणी स्वीकारावा असें सांगण्याचा आमचा हेतुही नाहीं. परंतु परक्या शहरांत, राज्यकर्त्यांची मर्जी नसतां, एका गजबजलेल्या वस्तींत त्यांनीं जी मंडळी रुजविली ती दोनशेंहून अधिक वर्षें टिकली आहे. ती कशी टिकली, हें जाणून घेणें कोणत्याही धर्माच्या सुधारकास उपयोगाचें आहे.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टन परगण्यांत पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील आधीं विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. उन्हांत काम केलें कीं मुलाच्या अंगास त्रास होई, म्हणून शेताचा नाद सोडून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवार ठेवण्यांत आलें. आपल्याकडे ज्या धंद्याच्या माणसास पिढ्यान्‌पिढ्या गांवाबाहेर ठेविलें, त्या धंद्यावर बसून या मुलानें लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच व डच या भाषांचा अभ्यास केला. हातांत आरी आणि शेजारीं व्याकरणाचें पुस्तक, असा त्याचा क्रम होता. सन १७८१ त डॉरथी प्लॅकेट या बाईंशीं त्यांचें लग्न झालें. बाईंस सही करतां येत नव्हती. विवाहाच्या नोंदवहींत त्यांनीं खूण केलेली आहे.

सन १७८३ त केरी यांनीं बाप्टिस्ट पंथाची दीक्षा घेतली. या पंथाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढील कथा नीट समजणार नाहीं. इंग्लंडांतील या पंथाची पहिली मंडळी सन १६१२ च्या सुमारास टॉमस हेल्विस यांनीं लंडनच्या तटाबाहेर स्पिटलफील्ड्स या वस्तींत स्थापिली. मनुष्याच्या अंतःकरणावर राजाची सत्ता चालत नाहीं, असें त्यांनीं उघडपणें लिहिलें, आणि त्यांचा अंत तुरुंगांत झाला. मूल जन्मास आलें कीं तें आपोआप ख्रिस्ती होतें, हें या पंथास मान्य नाहीं. वयांत आलेल्या माणसानें स्वतः समजून उमजून श्रद्धा प्रकट करावी, मग पाण्यांत बुडवून त्यास बाप्तिस्मा द्यावा, व अशा माणसांची जी मंडळी बनेल तिनें आपला कारभार आपणच पाहावा, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे जन्म, राजा वा धर्माधिकारी यांपैकीं कोणाच्याही जोरावर ही मंडळी उभी राहत नाहीं. सभासदांच्या निश्चयावरच तिचा सारा भार असतो.

केरी हे मोल्टन व पुढें लेस्टर येथील मंडळ्यांचे पाळक झाले. दूरदेशच्या लोकांस धर्म सांगणें हें आपलेंही कर्तव्य आहे, असा निबंध त्यांनीं सन १७९२ त प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षाच्या २ ऑक्टोबरास केटरिंग गांवीं एका विधवा बाईंच्या घरीं मूठभर पाळकांनीं बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. त्या रात्रीं जमलेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स इतकीच होती. पुढील वर्षीं केरी व जॉन टॉमस नांवाचे शस्त्रवैद्य एका डॅनिश जहाजानें निघाले आणि नोव्हेंबर १७९३ मध्यें कलकत्त्यास उतरले.

येथून सात वर्षें अपयशाचीं आहेत, आणि चरित्रकारांनीं तीं झांकूं नयेत. कंपनी सरकारचा परवाना नव्हता. बरोबर आणलेला पैसा लौकरच संपला. अखेर मालद्याकडे मदनावती येथें नीळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी पत्करून केरी यांनीं पोट भरलें. तेथें १७९४ त त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर मरण पावला. डॉरथीबाईंचें मन या आघातानें कायमचें बिघडलें, आणि १८०७ त मृत्यु येईपर्यंत तें सुधारलें नाहीं. त्या मुळांत या प्रवासास राजी नव्हत्या. शेवटच्या घटकेस त्यांस तयार करण्यांत आलें होतें. महत्कार्याच्या नांवाखालीं घरांतील स्त्रीवर किती भार टाकावा, हा प्रश्न आपल्याही देशभक्तांच्या चरित्रांत वारंवार उपस्थित होतो. केरी यांच्या थोरवीनें या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. इतकें सोसूनही या सात वर्षांत एकही बंगाली मनुष्य त्यांच्या मंडळींत आला नाहीं. मात्र ते बंगाली व संस्कृत शिकले, आणि पुढील सर्व कार्याचें भांडवल हेंच ठरलें.

सन १८०० च्या जानेवारींत ते हुगळीकांठच्या श्रीरामपूर या डॅनिश वसाहतींत राहावयास गेले. जोशुआ मार्शमन हे शिक्षक व विल्यम वॉर्ड हे मुद्रक असे दोन सहकारी त्यांस तेथें मिळाले. आमच्या व्यापारी वाचकांनीं या तिघांचा हिशेब अवश्य लक्षांत घ्यावा. मार्शमन दांपत्याची शाळा, वॉर्ड यांचा छापखाना व १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी यांस मिळूं लागलेला पगार, हें सारें उत्पन्न एकाच तिजोरींत पडे. पगार प्रथम दरमहा पांचशें व पुढें हजार रुपये झाला. प्रत्येक कुटुंबास बेताचा खर्च तेवढा मिळे. बाकी सर्व कार्यास जाई. विलायतेच्या वर्गणीकडे डोळे लावून बसण्याची वेळ त्यांनीं आपल्यावर येऊं दिली नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नांवाचा सुतार त्यांच्याकडे आला. त्याचा हात निखळला होता. तो टॉमस यांनीं बसविला, आणि त्यांतून बोलणें सुरू झालें. २८ डिसेंबर १८०० रोजीं हुगळी नदींत त्यास बाप्तिस्मा मिळाला. परंतु खरा निर्णायक प्रसंग त्यापूर्वीं कांहीं दिवस घडला होता. कृष्ण पाल व त्याचा मित्र गोकुळ हे मिशनऱ्यांच्या पंक्तीस उघडपणें जेवले. ही बातमी पसरतांच गांवांत खळबळ उडाली, आणि लोकांनीं त्यांस धरून डॅनिश अधिकाऱ्यापुढें नेलें. त्यांनीं कोणताही गुन्हा केला नाहीं, असें म्हणून अधिकाऱ्यानें त्यांस सोडून दिलें.

दक्षिणेंत तंजावराकडील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत जातवार निरनिराळ्या जागीं बसण्याची चाल राहूं दिली होती. श्रीरामपूरकरांनीं ती पहिल्या दिवसापासून नाकारली. एप्रिल १८०३ मध्यें कृष्णप्रसाद नांवाच्या ब्राह्मण तरुणाचें कृष्ण पालाच्या मुलीशीं लग्न झालें. सुताराच्या अंगणांत झाडाखालीं सर्वांनीं मेजवानी घेतली. प्रभुभोजनाच्या वेळीं शूद्रानें ओठ लावलेला पेला ब्राह्मणानें घेतला. त्याच वर्षीं गोकुळ वारला, तेव्हां त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत एक ब्राह्मण, एक मुसलमान घरांतून आलेला मनुष्य व दोन इंग्रज होते. तरीही दीक्षितांचीं नांवें बदलण्याचा आग्रह धरला गेला नाहीं. देशी मंडळ्यांचे पाळक देशीच असावेत, हें धोरणही त्यांनीं १८०५ त आपसांतील करारांत लिहून ठेविलें.

मूळ असें खोल गेल्यावर मग कलकत्त्याची गोष्ट येते. कॉलेजांतील कामासाठीं केरी दर आठवड्यास नावेनें श्रीरामपुराहून शहरांत येत. तेथें प्रार्थनेसाठीं जमणारे लोक मिळेल त्या जागेंत बसत. कायमच्या मंदिरासाठीं जी वस्ती ठरली ती प्रतिष्ठितांची नव्हती. लाल बाजार म्हणजे पोलीसकचेरी, खलाशांच्या उताराच्या जागा व दारूचे गुत्ते यांचा भाग. आसपास पोर्तुगीज वंशाचीं गरीब कुटुंबें, आर्मेनियन लोक, युरेशियन कारकून व पोटासाठीं शहरांत आलेले बंगाली राहत. मोठमोठ्या साहेबांचीं देवळें दुसरीकडे होतीं. या लोकांची विचारपूस करणारें कोणी नव्हतें. ज्या गल्लींत गरज होती तीच गल्ली केरी व त्यांच्या मित्रांनीं पसंत केली.

काम निर्वेध झालें असें मात्र नाहीं. जुलै १८०६ त वेल्लोर येथें शिपायांचें बंड झालें. धर्मांत हात घातल्यामुळें शिपाई बिथरले असा बोभाटा झाला, आणि कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांनीं केरी यांस बोलावून एतद्देशीयांस उपदेश करण्याचें थांबवा अशी समज दिली. वास्तविक त्या बंडाशीं मिशनऱ्यांचा संबंध नव्हता; पागोटीं, दाढी व कपाळावरील गंध यांसंबंधीं लष्करानें काढलेले हुकूमच त्याच्या मुळाशीं होते. परंतु पुढच्याच वर्षीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून एक फारशी पत्रक बाहेर पडलें व त्यांत इस्लामच्या पैगंबरांविषयीं अपशब्द निघाले. येथें मात्र दोष छापखान्याकडेच होता. चालकांनीं दिलगिरी दर्शविली व उरलेल्या प्रती सरकारच्या स्वाधीन केल्या. छापखाना कलकत्त्यास हलवावा असा लॉर्ड मिंटो यांच्या सरकारचा हुकूम सुटला होता, तो डॅनिश गव्हर्नरांच्या विरोधामुळें व केरी-मार्शमन यांच्या प्रत्यक्ष भेटीमुळें मागें घेण्यांत आला. दुसऱ्याच्या पूज्य पुरुषांची निंदा करून आपला पंथ वाढत नाहीं, उलट त्याचेच पाय तुटतात, हा धडा त्यांस महाग पडला. आजही कित्येक धर्माभिमानी तो शिकण्यास तयार नाहींत.

अशा वातावरणांत वर्गणी गोळा करीत, भिंती चढवीत, १ जानेवारी १८०९ रोजीं लाल बाजारचें मंदिर उघडलें. तेथें इंग्रजी व बंगाली या दोन्ही भाषांत उपासना होऊं लागली. किल्ल्यांतील साधे सोल्जर, पोर्तुगीज व आर्मेनियन लोक, कारकून व बंगाली कारागीर एकाच मंडळीचे सभासद झाले. कृष्ण पाल सुतार स्वतः कलकत्त्यांत राहून वस्तीवस्तींत उपदेश करूं लागला; त्यानें रचलेलें एक भजन भाषांतररूपानें विलायतेंतही गाइलें गेलें. मंदिराबरोबर त्या भागांतील निराधार मुलांसाठीं बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन नांवाची शाळाही निघाली. ज्या मुलांस ना इंग्रजांच्या शाळेंत जागा होती ना हिंदूंच्या, तीं तेथें अक्षरें शिकलीं. शेजाऱ्याच्या मुलांची काळजी वाहणारें देऊळ शेजारी परकें मानीत नाहींत.

या लहानशा मंदिराचा आमच्या महाराष्ट्राशीं एक दूरचा धागा आहे. सन १८१२ त अमेरिकेंतून तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी कलकत्त्यास आली. त्यांपैकीं अडोनिरॅम जडसन व त्यांच्या पत्नी ॲन यांनीं ६ सप्टेंबर १८१२ रोजीं लाल बाजारच्या मंदिरांत बाप्तिस्मा घेतला व पुढें ते ब्रह्मदेशास गेले. त्याच तुकडींतील गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे आपला मूळ पंथ न सोडतां फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. तीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. तिच्या शाळांचा मुंबई, नगर व सोलापूर येथील शिक्षणाच्या इतिहासांत मोठा भाग आहे.

दुसरा धागा याहून बळकट आहे. फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी हे बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवीत. महाराष्ट्रांत त्यांनीं कधीं पाऊल टाकलें नाहीं. तथापि वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ त मराठीचें व्याकरण व १८१० त मोडी अक्षरांत मराठी-इंग्रजी कोश छापून काढला. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश व १८१६ तील रघुजी भोसल्यांची वंशावळी हीं मराठी गद्याचीं आरंभींचीं छापील पुस्तकें श्रीरामपूरच्याच छापखान्यांतून निघालीं. पुण्यांत पेशवाई नांदत असतांना मराठी भाषा छापखान्याच्या खिळ्यांवर चढविली ती बंगालांत, आणि तीही एका जोडे शिवणाऱ्यानें. याची आठवण आपल्या साक्षर समाजानें नम्रपणें ठेवावी.

पुढील आयुष्याचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागून कागद, खिळे व कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें जळालीं; केरी यांनीं तीं पुन्हां लिहावयास घेतलीं. १८१८ त श्रीरामपूरचें कॉलेज निघालें, त्यांत सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांस प्रवेश होता. त्याच वर्षीं समाचार दर्पण हें बंगाली वृत्तपत्र सुरू झालें. १८२० त त्यांच्या पुढाकारानें शेती व बागायतीची संस्था स्थापन झाली. गंगासागरास मुलें अर्पण करण्याची चाल १८०२ त बंद करविण्यांत त्यांच्या चौकशीचा उपयोग झाला. सतीच्या चालीविरुद्ध त्यांनीं पंचवीस वर्षांहून अधिक काळ माहिती जमविली. ४ डिसेंबर १८२९ चा बंदीचा कायदा भाषांतरासाठीं हातीं येतांच त्यांनीं त्या रविवारचा उपदेश दुसऱ्यावर सोंपविला, व दिवस मावळण्यापूर्वीं बंगाली मजकूर तयार केला. कारण एका दिवसाच्या विलंबानेंही एखादी विधवा चितेवर गेली असती.

उतारवयांत दुःखेंही आलीं. कलकत्त्यास नवे आलेले तरुण मिशनरी, ज्यांत त्यांचा सख्खा पुतण्या होता, श्रीरामपूरकरांपासून विभक्त झाले. १८२७ त विलायतेच्या सोसायटीशींही संबंध तुटला. १८३० पासून पामर आणि कंपनी व तिच्यासारख्या मोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या व त्यांत मिशनच्या ठेवी गेल्या. कॉलेजचा पगारही त्याच सुमारास बंद होऊन त्यावर निवृत्तिवेतन आलें. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथें ते वारले. पेढ्या बुडाल्या, कॉलेज मोडलें, फांद्या विलग झाल्या. लाल बाजारची मंडळी मात्र राहिली. बहूबाजारांत ती आजही केरी बाप्टिस्ट मंडळी या नांवानें नांदत आहे.

आतां आपल्याकडे वळूं. सन १८४९ त मुंबईस परमहंस सभा निघाली. तिचे सभासदही जातिभेद मोडण्यासाठीं खालच्या मानलेल्या जातीच्या हातचें खात, परंतु बंद दाराआड. सुमारें १८६० त सभासदांची यादी चोरीस गेली, आणि नांवें फुटतील या भयानें सभा मोडली. तिच्यांतील पुरुष विद्वान होते व त्यांचे विचारही खरे होते. कृष्ण पालाकडे यांपैकीं विद्या नव्हती. परंतु तो उजेडांत जेवला होता, म्हणून त्याची यादी चोरून कोणास कांहीं मिळण्यासारखें नव्हतें. पुढें १८६७ त निघालेल्या प्रार्थनासमाजानें उघडपणें काम चालविलें, आणि तो समाज टिकला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

सन १९५० पासून राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली आहे. कायद्यास जें करतां येत होतें तें त्यानें केलें. परंतु भाड्यानें खोली देतांना आडनांव विचारणारे घरमालक व देवळाच्या पंचकमिटींत एकाच जातीचीं नांवें भरणारे विश्वस्त आपल्या पेठांतून नाहींसे झालेले नाहींत. अशा पेठेंत वाचनालय, सहकारी पतपेढी वा उपासनेची सभा काढूं इच्छिणाऱ्यांनीं इमारतीचा नकाशा काढण्यापूर्वीं एक गोष्ट करून पाहावी. ज्यांच्यासाठीं संस्था काढावयाची त्या सर्वांस, अगदीं शेवटच्या घरापर्यंत, एका दिवशीं एका पंक्तीस जेवावयास बोलवावें, आणि दार उघडें ठेवावें. त्या पंक्तीस जे बसतील त्यांच्या वर्गणीवर संस्था चालवावी. जे उठून जातील त्यांच्या देणगीची आशा धरूं नये. सुरुवातीस माणसें थोडींच राहतील. लाल बाजारच्या मंडळीचा आरंभही एका सुतारापासूनच झाला होता.